महेश्वरचं पाणी, पोहणारी ताई आणि नावेतला कॅमेरा

इंदूरच्या नळांना येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसून विंध्यावर चढवलेलं असतं. त्याच पात्रात थोडं खाली, महेश्वरच्या घाटासमोर, फेब्रुवारीच्या मध्याला सहा किलोमीटरची फेरी ठरली : ३ किलोमीटर प्रवाहाविरुद्ध वर आणि तेवढंच परत. पाण्यात ताई एकटी, बाकीची मंडळी तिला पाहायला. या पाहण्यात दोन कामं येतात, तिच्यावर लक्ष ठेवणं आणि तिचे फोटो काढणं. एकाच माणसाला दोन्ही देऊ नयेत, कारण व्ह्यूफाइंडरला लावलेल्या डोळ्याला चौकटीबाहेरची मोटारबोट दिसत नाही. दोन्ही कामांचा पाया मात्र एकच आहे. मिनिटाला तिचे किती हात पडतात हे मोजता आलं, की ती थकलीय हेही कळतं आणि शटर कधी दाबायचं हेही.

पहिला दिवस : रस्ता आणि नदीची पाहणी

महेश्वरला जायचे दोन रस्ते. एबी (आग्रा-मुंबई) रोडने धामनोदवरून जाणारा रुंद आणि सरळ आहे. दुसरा महूवरून जाम दरवाज्याने खाली उतरतो. या वाटेने आधी मंडलेश्वर लागतं, म्हणजे नदी वरच्या अंगाने पाहत खाली येता येतं. पोहण्याच्या कामाला हाच सोयीचा. कुठल्याही वाटेने अंतर नव्वदेक किलोमीटर. पोहे-जिलबी खाऊन सहाला इंदूर सोडलं, की नऊ-साडेनऊपर्यंत घाट गाठता येतो. महेश्वर इंदूरपेक्षा जवळपास ४०० मीटर खाली आहे. इंदुरात सकाळी स्वेटर लागतो तेव्हाही इथे दुपारचं ऊन चांगलंच भाजतं. कॅमेऱ्याची बॅग बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये.

घाटावर पहिले दोन तास कॅमेरा बाहेर निघत नाही. आधी पाणी समजून घ्यायचं.

नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. किल्ला, अहिल्या घाट, पेशवे घाट, फणसे घाट हे सगळं उत्तर काठावर. बाणेश्वराचं छोटं देऊळ पात्राच्या मधोमध खडकावर, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या नावांची ये-जा दिवसभर चालू. घाटाच्या खाली पाचेक किलोमीटरवर सहस्रधारा. तिथे नदी काळ्या खडकांत फुटून अनेक धारांनी उसळते. २०२३ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतली कॅनो सलालम (उसळत्या पाण्यातून छोटी होडी वळवत नेण्याची शर्यत) तिथेच झाली होती, यावरून पाण्याचा जोर समजावा. त्यामुळे दिशा आपोआप ठरते : आधी वर, मग खाली, आणि फेरीचा शेवट घाटावरच. अर्ध्या वाटेत दम संपला तर प्रवाह तिला घाटाकडे आणतो. उलट क्रमाने पोहलं तर थकलेल्या माणसाला प्रवाहाशी झगडत परतावं लागतं आणि पाठीमागे खडक असतात. घाटाच्या खाली ५० मीटरवर एक खूण धरली. तिच्या पलीकडे कोणत्याही कारणाने जायचं नाही.

प्रवाह मोजायला शेंडीसकट नारळ सगळ्यात चांगला. तो बराचसा बुडून तरंगतो, म्हणून वारा त्याला फारसा ढकलत नाही. झेंडूची माळ वाऱ्याबरोबर पळते, तिच्यावरून काढलेला वेग खोटा निघतो. काठावर ५० मीटर अंतराच्या दोन खुणा धरायच्या, नावेतून वरच्या खुणेच्याही थोडं वर नारळ सोडायचा आणि खुणांमधला वेळ घ्यायचा. पात्राच्या मध्यावर २५० सेकंद लागले, काठापासून ४० मीटरवर ४००. म्हणजे मध्यावर ताशी ०.७२ किलोमीटर, काठालगत ०.४५. ताईचा स्थिर पाण्यातला वेग ताशी ३ किलोमीटर, १०० मीटरला दोन मिनिटं. काठ धरून वर जाताना ३ किलोमीटरला ७१ मिनिटं, मध्यावरून परतताना ४८. खाण्याचे थांबे धरून दोन तास पाच मिनिटं. हा आकडा वहीत आधीच असला, की प्रत्यक्ष पोहताना पंधरा मिनिटांचा उशीर लगेच नजरेत येतो. आकडाच नसेल तर उशीर होतोय हे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

पाण्याची पातळी हा नर्मदेवरचा सगळ्यात गंभीर विषय. वर इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं आहेत, आणि वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खालची पातळी दिवसातल्या दिवसात बदलते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीच्या मेळ्यात वरून सोडलेलं पाणी रात्री यात्रेकरूंवर आलं आणि अनेकांचे जीव गेले. हे इथल्या कुठल्याही केवटाला, म्हणजे नावाड्याला, सांगावं लागत नाही. पाण्याला लागून असलेल्या पायरीवर खडूने रेघ मारायची, दर तासाने पाहायची आणि वेळ लिहायची. पाणी चढायला लागल्याच्या खुणा रेघेच्या आधीही दिसतात : काड्या, पालापाचोळा आणि फेस एकदम वाढतो, पाणी गढूळ होतं, बांधलेल्या नावांचे दोर ताणले जातात. अर्ध्या तासात १० सेंटिमीटर चढलं तर पोहणं रद्द, आणि पाण्यात असेल त्याने जवळच्या काठाला लागायचं. यावर चर्चा नाही.

जाळ्यांची चौकशी कोळ्यांकडेच करावी. नायलॉनचं जाळं संध्याकाळी लागतं आणि सकाळी निघतं. त्याच्या वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या असतात, आणि उन्हाच्या झगमगाटात त्या पाण्यातून दिसत नाहीत. पाय अडकला तर नायलॉन हाताने तुटत नाही. नावेत आकडीचा सुरा हवाच. नर्मदेत मगरीही आहेत. कुठल्या पट्ट्यात दिसतात, कधी दिसल्या, हे दोन-तीन वेगवेगळ्या केवटांना विचारायचं आणि उत्तरं जुळली तरच त्यावर विसंबायचं. वडोदऱ्याला मगरींच्या विश्वामित्री नदीकाठी राहणाऱ्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही.

दुपारी नगर परिषदेत आणि ठाण्यात लेखी सूचना दिली : तारीख, वेळ, मार्ग, नावा, आणि पाण्यात एकच व्यक्ती असेल ही ओळ. घाटावरच्या गोताखोरांना, म्हणजे बुडणाऱ्याला बाहेर काढणाऱ्या पाणबुड्यांना, तीच माहिती तोंडी दिली. त्यांतला एक दुसऱ्या दिवसापासून सोबतीच्या नावेत बसायला तयार झाला. या सगळ्या तयारीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

संध्याकाळी प्रकाश पाहिला. घाटावरून कॅमेरा दक्षिणेकडे तोंड करतो आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगाने फिरतो. म्हणजे घाटावरून काढलेला पोहणाऱ्याचा प्रत्येक फोटो कमी-अधिक उलट्या प्रकाशातला. उडालेलं पाणी चमकतं, हाताची कड उजळते, पण चेहरा काळा पडतो. चेहरा हवा असेल तर कॅमेरा मध्यावर, तिच्या दक्षिणेला हवा. म्हणजेच नावेत.

दुसरा दिवस : छोटी फेरी, नावेची निवड, भिंगांची परीक्षा

सकाळी ८०० मीटरची फेरी, फक्त तपासणीसाठी. तलावात पोहणाऱ्याला तळाशी काळी रेघ दिसते. इथे तळच दिसत नाही. दर दहा-बारा हातांनी डोळे पाण्याच्या वर काढून समोरची खूण पाहावी लागते. पूर्वेकडे जाताना सकाळचा सूर्य थेट डोळ्यांत येतो, म्हणून आरशाच्या काचेचा गॉगल हवा. खूणही उंच आणि सूर्यापासून बाजूला असलेली निवडायची. नदीकाठचं एक मोठं झाड त्यासाठी ठरलं.

टोपीच्या रंगावर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा. दूरवरून पोहणाऱ्याचं फक्त डोकं दिसतं, जेमतेम वीतभर. निळी, पांढरी, चंदेरी टोपी फेसात आणि चमकीत हरवते. काळी टोपी तरंगणाऱ्या लाकडासारखी वाटते आणि मोटारबोटवाला तिच्यासाठी वळत नाही. भडक नारंगी किंवा पोपटी सगळ्यात चांगली. कमरेला पट्ट्याने बांधायचा नारंगी हवेचा फुगाही सोबत घेतला. तो मागे तरंगत येतो, ओढ नगण्य असते, आणि थकल्यावर धरून थांबता येतं. फोटोत तो नको असतो हे खरं. तरी काढायचा नाही.

नाव कोणती, हा दिवसातला मोठा निर्णय. डिझेल इंजिनाच्या नावेला तीन दोष आहेत. पंखा पाण्यात फिरतो. पोहणाऱ्याचं तोंड पाण्यापासून चार बोटांवर असल्याने सगळा धूर तिच्या श्वासात जातो. आणि इंजिनाच्या थरथरीने १/२५० सेकंदापेक्षा मंद शटरवर एकही फोटो धारदार येत नाही. ताशी अडीच किलोमीटरला वल्ह्याची नाव सहज पुरते. म्हणून कॅमेऱ्याची नाव वल्ह्यांची आणि मोटारबोट १०० मीटर मागे, गोताखोर आणि दोर बांधलेली रबरी रिंग घेऊन. जवळ यायची वेळ आली तर शेवटच्या १५ मीटरमध्ये इंजिन बंद. वल्ह्याच्या नावेत कोण काय करणार तेही ठरलं : केवटकाका वल्ह्यावर, एक जण वही आणि स्टॉपवॉच घेऊन, एक जण कॅमेऱ्यावर. लाइफ जॅकेट सगळ्यांना. फोटो काढणाऱ्याने उभं राहायचं नाही. छोटी नाव एका माणसाच्या तोल जाण्यानेही कलते.

नाव पोहणाऱ्यापासून १० ते १५ मीटरवर आणि मध्याच्या बाजूला ठेवायची. यात्रेकरूंच्या नावा मध्यातूनच येतात, त्यांच्या आणि तिच्या मध्ये आपली नाव उभी राहते. प्रकाशही याच बाजूने चांगला. सकाळचा सूर्य आग्नेयेकडून तिच्या चेहऱ्यावर येतो, आणि मागे पार्श्वभूमीला घाटाच्या पायऱ्या आणि किल्ल्याची भिंत. सुरक्षेची जागा आणि फोटोची जागा अशी एकत्र येणं दुर्मीळ असतं. नाव तिच्या खांद्याच्या रेषेत हवी. पुढे गेली तर ती नावेकडे पाहायला मान उचलते आणि कंबर बुडते. मागे राहिली तर तिला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि हात घाईचे होतात.

भिंगांचा हिशोब सोपा आहे. पूर्ण चौकटीच्या (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दृश्याची रुंदी म्हणजे अंतर गुणिले ३६ भागिले भिंगाचे मिलिमीटर. १५ मीटरवर २०० मिलिमीटरला २.७ मीटर : हात लांब केलेलं पूर्ण शरीर भरून. १०० मिलिमीटरला ५.४ मीटर : शरीर आणि पुढे थोडं मोकळं पाणी. घाटावरून १०० मीटरवर ४०० मिलिमीटरला ९ मीटर. म्हणून नावेत ७०–२०० आणि घाटावर १००–४००. नावेत याहून लांब भिंग घेतलं तर नावेच्या डुलण्याने पोहणारी चौकटीतून सारखी निसटते.

पोलरायझर फिल्टर नावेत काढून ठेवला. पाण्याची चमक तो सर्वांत जास्त कापतो ती पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून खाली पाहिल्यावर. नावेतून नजर जवळजवळ आडवी असते. तिथे उपयोग थोडा आणि दीड ते दोन स्टॉप प्रकाश वाया (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). किल्ल्याच्या कठड्यावरून किंवा वरच्या पायऱ्यांवरून मात्र तो लावावा; पाण्याखालचा हात आणि पाय तेव्हा दिसतात.

शटर : हात आणि थेंब गोठवायला १/१००० पुरेसं, समोरून उडणाऱ्या पाण्याला १/२०००. फोकस सतत चालणारा, एका छोट्या चौकोनावर, आणि चौकोन टोपीवर. मोठं क्षेत्र दिलं की कॅमेरा पुढच्या फवाऱ्यावर फोकस करतो आणि चेहरा धूसर येतो. पोहण्याचे बरेच फोटो याच कारणाने बाद होतात. फेस पांढरा फटफटीत जळू नये म्हणून एक्सपोजर ०.७ स्टॉपने कमी. मंद शटरची इच्छा झाली तर १/६० वर कॅमेरा तिच्या वेगाने फिरवावा. डोकं स्थिर आणि हात पाण्यासारखा पुसट येतो, पण दहातला एखादाच जमतो. अशी हौस छोट्या फेरीत करून घ्यावी. मोठ्या फेरीत नाही.

आता हात मोजण्याची रीत. १५ सेकंद मोजून चारने गुणणं चुकीचं, एका हाताची चूक चारपट होते. त्याऐवजी २० हातांना लागलेले सेकंद घ्यायचे आणि १२०० ला त्यांनी भागायचं. २१.४ सेकंद म्हणजे मिनिटाला ५६ हात, २४ सेकंद म्हणजे ५०. ताईचा सहज आकडा ५६ आला. ती दर तीन हातांनी आलटून पालटून दोन्ही बाजूंना श्वास घेते. म्हणजे नावेकडे चेहरा सहा हातांतून एकदा, साधारण साडेसहा सेकंदांनी. एवढ्या वेळात फोटो काढणाऱ्याचं बोट दोनदा घसरतं. म्हणून मोजणाऱ्याने हलक्या आवाजात "चार, पाच, सहा" म्हणायचं आणि सहाला बर्स्ट, म्हणजे सलग झटपट फोटो. उजवीकडे श्वास घेताना उजवा हात मांडीजवळून पाण्याबाहेर निघतो तेव्हाच मान वळते. कोपर वर, त्याखाली अर्धा चेहरा, आणि डावा हात पुढे ताणलेला : हा क्षण जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. सेकंदाला आठ फोटो घेणारा कॅमेरा त्यात चार पकडतो. तोंड दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. हात मांडी सोडतो तेव्हाच दाबायचं.

रात्री वहीचं पान आखलं. इंग्लिश खाडीत निरीक्षकाच्या नोंदीवरच पोहणं मान्य होतं. तिथला नियम असा की नावेला हात लागला की पोहणं संपलं, मग खाणंसुद्धा दोरीने किंवा काठीने द्यावं लागतं. मॅथ्यू वेबने १८७५ साली २१ तास ४५ मिनिटांत खाडी पार केली तेव्हाही सोबत नाव होती. १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा यांच्याही सोबत. ग्वाल्हेरचे पॅरा जलतरणपटू सत्येंद्रसिंह लोहिया यांनी २०१८ मध्ये ही खाडी रिलेत पार केली. रिलेत प्रत्येकाची पाळी एक तासाची आणि क्रम शेवटपर्यंत तोच ठेवायचा, त्यामुळे निरीक्षकाचं घड्याळ तिथे आणखी महत्त्वाचं. आमचं पान साधं होतं : वेळ, जागा, हात, काय खाल्लं, काय बोलली, पाणी, वारा. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या घड्याळाशी जुळवून फोनच्या पडद्याचा एक फोटो काढून ठेवला. पुढे नोंद आणि फोटो सेकंदावर जुळवता येतात.

तिसरा दिवस : फेरी

सव्वासहाला घाट. सातच्या सुमारास सूर्योदय. पाणी २१ अंश, हवा १४. थर्मामीटर दोरीने एक मीटर खाली सोडून तीन मिनिटांनी वाचायचा. वरवर बुडवून घेतलेला आकडा फसवतो. गार हवा कोमट पाण्यावर बसली की धुकं उठतं, आणि ते फोटोत फार सुंदर दिसतं. पण दोनशे मीटरवरची नाव दिसत नाही तोवर पाण्यात उतरायचं नाही. साडेसातपर्यंत थांबलो. खडूची रेघ रात्रीच्या जागी होती. कोळ्यांनी जाळी उचलल्याचं केवटकाकांनी स्वतः जाऊन पाहिलं.

मान, काखा, पोहण्याच्या पोशाखाच्या शिवणी आणि फुग्याच्या पट्ट्याखाली पेट्रोलियम जेली. ती लावणाऱ्याने हात साबणाने धुऊन मगच गॉगलला हात लावावा. काचेला बोट लागलं तर दोन तास धूसर दिसतं, पाण्यात पुसता येत नाही. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि काही ठिकाणी लोखंडी कड्या पाण्याखाली गेलेल्या, म्हणून उडी नाही. बसून, घसरत, पायाने चाचपत उतरायचं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची. सकाळी घाटावर बायका स्नान करत असतात. नावेतून पार्श्वभूमीला घाट घेताना त्या चौकटीत येतात. त्या वेळी कॅमेरा खाली. घाट मागे पडल्यावर किल्ल्याची भिंत आणि झाडं आहेतच. स्नानाची जागा ही फोटोची जागा नव्हे, मग प्रकाश कितीही चांगला असो.

७:३४ ला सुरुवात. पहिली काही मिनिटं हात ६२ होते. गार पाण्यात आणि सुरुवातीच्या भरात असं होतंच. आठव्या मिनिटाला ५८, पंधराव्या मिनिटाला ५६. आकडा बसेपर्यंत फोटो काढण्यात अर्थ नाही. मान ताठ असते, श्वास अर्धवट असतो, चेहऱ्यावर ताण दिसतो. ५६ आल्यावर कॅमेरा उघडला. पूर्वेकडे जाताना उजवी बाजू नावेकडे, म्हणजे उजवा श्वास आपला. सूर्य क्षितिजापासून दहाएक अंशांवर असताना हाताखालून निथळणाऱ्या पाण्यातून उजेड आरपार येतो. हा अर्धा तास दिवसभराच्या फोटोंचा कणा. नऊनंतर सूर्य चढतो, कपाळ आणि नाक उजळतं, डोळ्यांत सावली पडते.

दर ३० मिनिटांनी खाणं. दोनशे मिलिलिटर कोमट साखर-मीठ-लिंबू पाणी, तोंड रुंद असलेल्या बाटलीत, पाच मीटर दोरीने बांधून. बाटली तिच्या पुढे टाकायची, अंगावर नाही. ४५ सेकंदांत संपलं पाहिजे. काठालगत तेवढ्यात प्रवाह पाच-सहा मीटर मागे नेतो, मध्यावर नऊ. शिवाय थांबल्यावर अंगही गार पडतं. फोटोच्या दृष्टीने हा थांबा अमोल आहे, कारण चेहरा सलग दिसतो आणि गॉगल वर केलेला असतो. पण याच वेळी मोजणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा असतो : "ताई, समोरची खूण कोणती?" उत्तर लगेच आणि स्पष्ट आलं पाहिजे. "ठीक आहे ना?" असं विचारू नये. त्याला थंडीने गोंधळलेला माणूसही "हो" म्हणतो.

८:४७ ला वरचं वळण. हिशोबापेक्षा दोन मिनिटं जास्त, म्हणजे हिशोब बरोबर. वळणावर नाव तिच्या बाहेरून फिरवायची, आतून नाही. आतून फिरली तर ती वल्ह्यांच्या टप्प्यात येते. परतीला मध्यावरून. आता डावी बाजू नावेकडे, आणि सूर्य तिच्या पाठीशी. डाव्या श्वासाला चेहऱ्याच्या कडेवर उजेडाची रेघ पडते. वेग वाढतो, नाव मागे पडू लागते, केवटकाकांना सारखं सांगावं लागतं.

नऊच्या सुमारास एका मोठ्या नावेची लाट आडवी आली. अशी लाट श्वासाच्या बाजूने येते तेव्हा तोंडात पाणी जातं. मोजणाऱ्याने ती आधी पाहून शिटी वाजवायची. एक लांब शिटी म्हणजे पुढचा श्वास पलीकडे. दोन शिट्या म्हणजे थांब आणि फुगा धर. तीन म्हणजे नावेकडे ये. शिट्यांचा हा करार कोरड्यावर पाठ करून घेतलेला असावा.

९:१० ला हात ५३, ९:१५ ला ५१. पाच हातांची घसरण म्हणजे विचारायची वेळ, आठची घसरण म्हणजे बाहेर काढायची. आकड्यासोबत आणखी खुणा पाहायच्या : कोपर खाली येतो, पाय रुंद पडू लागतात, डोकं दर श्वासाला जास्त उचललं जातं, रेघ वाकडी होते. उत्तर स्पष्ट होतं, ओठ निळे नव्हते. ठरल्या वेळेआधीच गूळपाणी दिलं आणि ९:२२ ला आकडा ५४ वर आला. या बारा मिनिटांत कॅमेरा बंद होता. फोटो काढणाऱ्याचे डोळेही तिच्यावर हवे होते.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, ही समजूत सोडायला हवी. तो गप्प असतो. शरीर उभं होतं, डोकं मागे कलतं, तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली होतं, पाय चालत नाहीत, हात बाजूंना पाणी दाबत राहतात. हे २० ते ६० सेकंद चालतं आणि मग डोकं खाली जातं. दुरून पाहणाऱ्याला वाटतं की तो उभा राहून आराम करतोय. आडवं शरीर उभं झालं आणि हाकेला उत्तर आलं नाही, की रिंग टाकायची. आधी खात्री करत बसायचं नाही.

९:३९ ला घाट. दोन तास पाच मिनिटं. पायऱ्यांवर उभं राहताना चक्कर येते, कारण दोन तास आडवं असलेलं शरीर एकदम उभं होतं. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून आधी बसवायचं. बाहेर आल्यावर पुढची दहा ते तीस मिनिटं शरीराचं आतलं तापमान उतरतच राहतं. म्हणून ओला पोशाख लगेच काढून कोरडे कपडे, आधी अंगात, मग डोक्यावर, मग पायांत. नंतर कोमट गोड चहा. गरम पाण्याची अंघोळ लगेच नाही. त्वचेकडे रक्त धावतं आणि माणूस भोवळून पडू शकतो. या अर्ध्या तासात तिला फोटो दाखवत बसू नये. तिच्याकडे एका माणसाचं सलग लक्ष हवं.

चौथा दिवस : निवड

परतीच्या आधी सकाळी कार्डं दोन ठिकाणी उतरवली आणि वहीशी जुळवली. चारेकशे फोटोंतले बहुतेक चेहऱ्याशिवायचे, म्हणजे पाणी आणि कोपर. ते टाकायचे. जे राहतात त्यांचे दोन गठ्ठे. पहिला पाहण्यासाठी : धुक्यातली सुरुवात, ८:०५ च्या उजेडातला हात, लिंबूपाणी पिताना वर केलेला गॉगल. दुसरा ताईसाठी, आणि तिला तोच जास्त लागतो. त्यात एकाच बाजूचे, हाताच्या एकाच स्थितीचे फोटो वेळेच्या क्रमाने लावायचे. परतीच्या वेळचे डाव्या बाजूचे दोन-तीन शेजारी ठेवले की डावा कोपर कसा खाली आला ते मोजून दिसतं, आणि वहीतले त्या त्या वेळचे हातांचे आकडे त्याच्याखाली लिहिता येतात.

फोटो कोणते बाहेर जातील ते ताई ठरवते. पोहण्याच्या पोशाखातले फोटो काढण्याआधीही परवानगी लागते आणि दाखवण्याआधीही, या दोन वेगळ्या परवानग्या आहेत.

वहीच्या पानाची एक प्रत ठाण्यात आणि एक गोताखोरांकडे दिली. पुढच्या वेळी तेच पान दाखवून बोलणं सोपं जातं. दोर आणि जॅकेटं उन्हात पूर्ण वाळवून मगच डिक्कीत. फुग्याची हवा अर्धी काढली, नाहीतर जामचा घाट चढताना हवेचा दाब कमी होतो आणि बंद गाडीच्या उष्णतेत शिवण सुटते.